त्रेसष्ट की साठ तीन? संख्यानामांच्या वादाचा आढावा

जून २०१९ मध्ये शाळा सुरू झाल्या आणि बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रभर गदारोळ उठला. एकवीस ते नव्व्याण्णव या संख्या वाचण्याची एक नवी रीत पुस्तकात आली होती. २१ म्हणजे ‘वीस एक’, ६३ म्हणजे ‘साठ तीन’, ९८ म्हणजे ‘नव्वद आठ’. जुनी नावं पुस्तकातून काढलेली नव्हती, दोन्ही रीती शेजारी शेजारी होत्या. पण बातम्यांत ‘त्रेसष्ट गेले, साठ तीन आले’ असाच सूर लागला. विधानसभेत अजित पवारांनी तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वर कोटी केली, सभागृह हसलं, आणि गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांना पुढचे काही दिवस सगळीकडे खुलासे करत बसावं लागलं.

नारळीकर २०२३ मध्ये गेल्या. वादही केव्हाच थंडावला, मात्र तो सुटला नाही, नुसता मागे पडला. शंभराच्या आतल्या संख्यांना नावं कशी असावीत, ती मुद्दाम रचता येतात का, रचली तर लोक ती बोलतात का, असे बरेच प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. ते मी डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातून, चिखल्याकडून पाहतो आहे. इथे मुलाच्या घरी वारली बोलतात, बाजारात गुजराती ऐकू येते आणि शाळेत पुस्तकी मराठी असते. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या चर्चेत न दिसलेली एक बाजू इथून दिसते.

जुन्या नावांची घडण

मराठीत अकरापासून नव्व्याण्णवपर्यंत एकक आधी येतो आणि दशक नंतर. ‘बावीस’मध्ये आधी दोन, मग वीस. लिहिताना मात्र आपण डावीकडून दशक आधी लिहितो. ‘सदतीस’ ऐकलं की कानावर पहिल्यांदा सात पडतो. नवशिकं मूल सात लिहून टाकतं, त्याच्यापुढे तीन लिहितं, आणि पाटीवर ७३ उमटतात. पहिली-दुसरीला शिकवलेल्या कुणालाही ही चूक नवी नाही.

ही झाली क्रमाची अडचण. दुसरी अडचण रूपांची. सहा हा एकच अंक घ्या : सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. यातला ‘सहा’ आपल्या मूळ रूपात फक्त एकदा सापडतो. दशकांचंही तेच. पन्नासचा ‘वन्न’ किंवा ‘पन्न’ होतो, साठचा ‘सष्ट’, सत्तरचा ‘हत्तर’, नव्वदचा ‘ण्णव’. शेकडो वर्षं बोलता बोलता शब्द झिजले आणि एकमेकांत मुरले, त्याचा हा परिणाम आहे. मोठ्या माणसाला त्यातला सांधा दिसत नाही आणि दिसण्याची गरजही नसते. सात वर्षांच्या मुलाला मात्र नव्व्याण्णव नावं जवळजवळ सुटी सुटी पाठ करावी लागतात.

तिसरी भानगड ‘एकोण’ची. एकोणतीस म्हणजे एकाने उणे तीस. हा नियम एकोणिसापासून एकोणनव्वदपर्यंत बिनचूक चालतो आणि शेवटच्या पायरीवर मोडतो, कारण नव्व्याण्णवला कुणी ‘एकोणशंभर’ म्हणत नाही. ‘एकोणऐंशी’ ऐकून ८९ लिहिणारं मूल खरं तर तर्कानेच वागत असतं. त्याला ऐंशी ऐकू आले, नऊही कळले, म्हणून ऐंशीवर नऊ.

शंभरापलीकडे आजची बोली सरळ आहे : एकशे बारा, एकशे सतरा. पण पाढ्यांच्या जुन्या चालीत ११२ ला ‘बारोदरशे’ आणि ११७ ला ‘सतरोदरशे’ म्हणत. तिथेही लहान संख्या आधी आणि शंभर नंतर. ही नावं पाढ्यांबाहेर आता कुणी वापरत नाही, आणि त्यांच्या जाण्यावर कधी मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही. म्हणजे मराठीने हा क्रम एकदा, शंभराच्या वर, मुकाट्याने उलटवून घेतलेला आहे. २०१९ च्या चर्चेत हा मुद्दा फारसा कुणी काढला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

रचलेले अंक

संख्यांची नावं ठरवून रचणं ही काही आजची गोष्ट नाही. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास अक्षरांचीच संख्याभाषा केली. ‘क’पासून ‘म’पर्यंत १ ते २५, पुढे ‘य’ म्हणजे ३०, आणि स्वर जोडला की किंमत शंभरपटीने वाढत जाते. ‘ख्युघृ’ या दोन अक्षरांत ४३,२०,००० मावतात. ग्रहगणितातले मोठे आकडे श्लोकात बसवायला ही सोय होती. ती बाजारात कधी आली नाही, येण्यासाठी केलेलीही नव्हती.

युरोपात एकोणिसाव्या शतकात संपूर्ण भाषाच रचायची टूम निघाली. श्लायर या जर्मन धर्मगुरूने १८८० च्या सुमारास वोलाप्यूक केली. तीत एक म्हणजे ‘बाल’, दोन म्हणजे ‘तेल’, आणि त्यांचं अनेकवचन केलं की दहा व वीस : ‘बाल्स’, ‘तेल्स’. कागदावर मोठी काटकसरीची योजना. पण एका ‘स’वर एक आणि दहा यांतला फरक तोलून धरलेला होता. १९३१ च्या सुधारणेत अरी द योंग यांनी ती मोडून दहासाठी ‘देग’ हा स्वतंत्र शब्द आणला. झामेनहॉफच्या एस्परांतोत (१८८७) ही अडचण मुळातच टाळलेली दिसते. दहा म्हणजे ‘देक’, तेवीस ‘दुदेक त्रि’, बत्तीस ‘त्रिदेक दु’. दहाबारा शब्दांत नव्व्याण्णवपर्यंतचं सगळं आटोपतं. विसाव्या शतकातली लोजबान त्याहून कडक आहे. तिथे दशक-शतकांना नावंच नाहीत, ‘रे’ म्हणजे दोन, ‘शी’ म्हणजे तीन आणि ‘रेशी’ म्हणजे तेवीस. आपण फोन नंबर सांगतो तसे अंक ओळीने उच्चारायचे.

‘साठ तीन’ हा या घराण्यातला शब्द आहे. फरक एवढाच की एस्परांतो शिकणाऱ्याच्या आजीला एस्परांतो येत नव्हती. इथे मात्र मूल ‘साठ तीन’ शिकून घरी जातं, तिथे त्रेसष्ट बोलणारी अख्खी वस्ती त्याची वाट पाहत असते.

बाजू मांडणारे

नव्या रीतीच्या बाजूने मांडलेले मुद्दे तसे साधे होते. जुन्या नावांत जोडाक्षरं फार, ती उच्चारायला आणि लिहायला अवघड. बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा. शेजारच्या कन्नड, तेलुगूत आणि पुढे तमिळ, मल्याळममध्ये दशक आधी येतो आणि तिथल्या मुलांचं काही अडत नाही. इंग्रजीतही विसानंतर हाच क्रम आहे. शिवाय वीसपर्यंतची नावं आणि दशकांची नावं धरून सत्तावीस शब्द आले की नव्व्याण्णवपर्यंतचा गड सर होतो. जुन्या रीतीत त्यासाठी नव्व्याण्णव शब्द लागतात.

नारळीकरांचा भर आणखी एका गोष्टीवर होता. गणिताची भीती कुठे सुरू होते? त्यांच्या मते अनेक मुलांच्या बाबतीत ती बेरीज-वजाबाकीत नव्हे, त्याआधी संख्यावाचनातच बसते. ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या, आयुष्यभर गणित सोपं करून सांगणाऱ्या बाईंचा हा अनुभव होता, आणि हसण्यावारी नेण्यासारखा तो खासच नव्हता.

हरकती

विरोधातही अनेक सूर होते, त्यातले काही नुसते भावनेचे. त्रेसष्ट, चौऱ्याण्णव हे शब्द म्हणजे भाषेची श्रीमंती, त्यांचं सपाटीकरण नको, असं म्हणणारे बरेच होते. हा मुद्दा खोटा नाही, पण त्याने मुलाची पाटीवरची चूक सुटत नाही.

त्याहून वजनदार हरकती दोन. पहिली व्यवहाराची. दुकानदार, कंडक्टर, आजोबा, बातम्या सगळे त्रेसष्ट म्हणणार. मग मुलाला दोन्ही शिकावंच लागणार आणि ओझं कमी होण्याऐवजी वाढणार. पाढ्यांच्या चाली, म्हणी, जुनी गाणी हे सगळं जुन्या नावांत बांधलेलं आहे, ते वेगळंच.

दुसरी हरकत संदिग्धतेची, आणि माझ्या मते ती सगळ्यांत नेमकी आहे. मराठीत ‘वीस-एक माणसं होती’ म्हणजे सुमारे वीस. ‘शंभर-एक रुपये’ म्हणजे अंदाजे शंभर. मग ‘तीनशे वीस एक’ ऐकणाऱ्याने ३२१ समजायचं की ३२० च्या आसपास? दाक्षिणात्य भाषांत असा घोळ होत नाही, कारण तिथे दोन शब्द एकजीव झालेले असतात. कन्नडमधला ‘इप्पत्तोंदु’ हा एकच शब्द आहे, ‘इप्पत्तु’ आणि ‘ओंदु’ सुटे उभे नसतात. ‘साठ तीन’ अजून सुटंच आहे. ते बोलण्यात मुरायला वेळ लागेल, आणि मुरलं की कदाचित पुन्हा झिजेल.

पुरावा काय सांगतो

या प्रश्नावर परदेशात बरंच संशोधन झालं आहे. जर्मनमध्ये मराठीसारखाच क्रम आहे, एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणतात. झुबर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना संख्या सांगून लिहायला लावल्या, तेव्हा एकूण चुकांपैकी जवळपास निम्म्या या उलटापालटीशी जोडलेल्या निघाल्या. त्याहून बोलका अभ्यास चेक भाषेतला, २०११ मधला. चेकमध्ये ‘वीस तीन’ आणि ‘तीन-आणि-वीस’ अशा दोन्ही रीती लोकांच्या तोंडी आहेत. त्याच मुलांना दोन्ही रीतींनी संख्या सांगितल्या, तर उलट क्रमाच्या नावांना उलटापालटीच्या चुका जास्त झाल्या. मुलं, शाळा, भाषा सगळं सारखं, बदलला तो फक्त क्रम. त्यामुळे हा पुरावा सहज झटकता येत नाही.

नॉर्वेने तर कायद्याच्या पातळीवर हात घातला. टेलिफोनचे आकडे सांगताना घोटाळे होतात म्हणून तिथल्या टेलिफोन खात्याने आग्रह धरला आणि १९५१ मध्ये संसदेच्या निर्णयाने ‘एक आणि वीस’च्या जागी ‘वीसएक’ अधिकृत झालं. शाळा, रेडिओ, सरकारी कामकाज सगळ्यांनी ते उचललं. आज सत्तर वर्षं उलटून गेल्यावरही नॉर्वेत जुनी रीत बोलणारे आहेत, आणि एकाच वाक्यात दोन्ही वापरणारेही. ज्याला हा यशाचा दाखला वाटेल त्याला तो यशाचा वाटो, ज्याला अपयशाचा वाटेल त्याला अपयशाचा. मला तो वेळ किती लागतो याचा दाखला वाटतो. जर्मनीत याच मागणीसाठी २००४ मध्ये ‘झ्वान्त्सिगआइन्स’ म्हणजे ‘वीसएक’ नावाची संस्था निघाली. जर्मन लोक अजून जुनीच रीत बोलतात.

पण हे सगळं मराठीला जसंच्या तसं लागू करता येत नाही. जर्मन नावं उलटी असली तरी पारदर्शक आहेत, त्यांत एकक आणि दशक दोन्ही स्वच्छ ऐकू येतात. मराठीत उलटा क्रम आहे आणि वर रूपं झिजलेली आहेत. चुकीत कुणाचा वाटा किती, हे ऑस्ट्रियन मुलांवरून ठरणार नाही. ‘शहात्तर’ चुकणारं मूल क्रमात अडखळतं की ‘हत्तर’ म्हणजे सत्तर हेच त्याला उमगलेलं नसतं? पहिलं खरं असेल तर नवी नावं उपयोगी पडतील. दुसरं असेल तर जुन्याच नावांची फोड करून दाखवणं पुरेसं ठरेल.

मापांनी वाट कशी काढली

दशमान मापपद्धती हीसुद्धा रचलेली भाषाच आहे. जॉन विल्किन्सने १६६८ मध्ये एकाच ग्रंथात सगळ्या जगासाठी रचलेली भाषा आणि दशमान मापं अशा दोन्ही कल्पना मांडल्या. त्यातली भाषा बुडाली आणि मापांची कल्पना पुढे फ्रेंचांच्या हातून तरली. मोठ्या पटींना ग्रीक उपसर्ग, लहान भागांना लॅटिन : डेका, हेक्टो, किलो एका बाजूला, डेसी, सेंटी, मिली दुसऱ्या. मराठी शाळेतली पोरं हे एका दमात म्हणतात आणि आपण कृत्रिम भाषेचं व्याकरण घोकतो आहोत याचा त्यांना पत्ता नसतो.

भारतात १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपया शंभर पैशांचा झाला. मापांचा कायदा १९५६ चा, अंमल ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. शेर, मण, खंडी गेले. पायली-अधोलीचं माप तर दर मुलखात निराळं होतं, तेही हळूहळू भाताच्या कणगीपुरतं उरलं. एवढा मोठा बदल पंधरावीस वर्षांत पचला, कारण जुनी वजनं दुकानातून जप्त करता येत होती आणि जुनी नाणी गोळा करता येत होती. तोंडातला ‘त्रेसष्ट’ कोण जप्त करणार?

आणि जिथे फक्त शब्द होते तिथे जुनंच टिकलं. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन हे अपूर्णांक शेर आणि आण्यांच्या हिशेबात रुळलेले होते. त्यांचे पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे पाढे होते. पाढे गेले, शब्द राहिले. किलोच्या काट्यावर माणूस ‘पाव किलो’ मागतो, दोनशे पन्नास ग्रॅम मागत नाही. रचलेल्या मापावर जुनी भाषा अशी आरामात येऊन बसली. त्याउलट रचलेल्या संख्यानामांना बोलीत बसायला अशी तयार जागा नाही.

चिखले आणि आसपास

चिखल्याहून किनाऱ्याने उत्तरेकडे गेलं की घोलवड, बोर्डी, आणि पुढे गुजरात. तलासरी तालुका तर सीमेलाच लागलेला. इथलं गिऱ्हाईक दुकानात अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं गुजरातीत बोलतं. गुजराती संख्यानामं मराठीच्याच घडणीची, एकक आधी, ‘एकोण’ला ‘ओगण’. पण ८९ ला मराठी ‘एकोणनव्वद’ म्हणते, तर गुजराती ‘नेव्याशी’, म्हणजे ऐंशीवर नऊ. म्हणजे गुजरातीने तिथे नियम मोडून मुलाचाच तर्क मान्य केला. मासळीच्या वाट्यावर घासाघीस करणाऱ्या बाईच्या दोन भाषांत हा फरक रोज नांदतो आणि तिचा हिशेब चुकत नाही. कारण तिच्या हातात नोटा असतात आणि नाव त्यांच्या मागून येतं.

शिक्षणाच्या अंगाने पाहिलं तर या पट्ट्याचा अनुभव मोठा आहे. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवणाऱ्या या बायांनी मॉंटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या हाताशी घेतल्या. पुढे १९८२ मध्ये रमेश पानसे यांच्या पुढाकाराने ग्राममंगल सुरू झालं आणि ऐने गावात तीच दिशा पुढे गेली.

या परंपरेतून वादात एक तिसरी भूमिका निघते, आणि ती दोन्ही पक्षांच्या गोंगाटात दबून गेली. दहा काड्यांचा गठ्ठा बांधायचा. सहा गठ्ठे आणि तीन सुट्या मांडल्या की मूल आपण होऊन म्हणतं, ‘सहा दशक तीन’. ही संख्येची समज. मग त्याला सांगायचं, याला मोठी माणसं त्रेसष्ट म्हणतात. नाव लेबलासारखं नंतर चिकटतं. या पद्धतीत ‘साठ तीन’ हा वर्गातला मधला टप्पा असतो, भाषेतला कायमचा शब्द नाही. पुस्तकातल्या दोन रीती बहुधा अशाच वापरल्या जाव्यात असा समितीचाही मानस असावा, पण मथळ्यांच्या गर्दीत तो कुणाला दिसला नाही.

वारली घरातल्या मुलासाठी तर प्रश्न आणखी एक पायरी मागे सुरू होतो. त्याला त्रेसष्ट परकं आणि साठ तीनही परकं. ‘रूढ नाव मुलाच्या कानावर असतंच’ हा विरोधकांचा आधार त्याच्या बाबतीत डळमळतो. तसंच ‘नवं नाव सोपं’ हा समर्थकांचा आधारही अर्धाच उरतो, कारण आधी ‘साठ’ ठाऊक हवा.

काय उरलं आहे

चौथी बाजू कुणी मांडली नाही, ती आपोआप जिंकत चालली आहे. शहरातलं मराठी मूल ६३ ला ‘सिक्स्टी थ्री’ म्हणतं आणि आजीला विचारतं, त्रेसष्ट म्हणजे किती? दशक आधी म्हणण्याची सोय त्याला मिळाली, मराठीबाहेर. जुन्या नावांच्या कैवाऱ्यांनी आणि नव्या नावांच्या पुरस्कर्त्यांनी एकमेकांशी भांडताना या मुलाकडे पाठ केली.

निर्णय व्हायचा असेल तर काही गोष्टी आधी व्हायला हव्यात. चेक अभ्यासासारखी चाचणी मराठी मुलांवर, घरची भाषा वेगवेगळी धरून, घेणं फार खर्चाचं नाही. दोन गटांना ३७, ७३, ७९, ८९ दोन्ही रीतींनी सांगायचे आणि पाट्या तपासायच्या. चुका क्रमाच्या किती आणि रूपांच्या किती हे वेगळं काढायचं.

आणि नवी रीत वर्गाबाहेर न्यायची असेल तर लेखनाचं ठरवावं लागेल. धनादेशावर रक्कम अक्षरी लिहितात. ‘त्रेसष्ट हजार’ला एकच अर्थ आहे. ‘साठ तीन हजार’ मध्ये साठ आणि तीन जोडून लिहायचे, मध्ये रेघ द्यायची, की ‘साठावर तीन हजार’ असं काही म्हणायचं? सुटे लिहिले तर वाचणारा आधी ‘तीन हजार’ एकत्र घेतो आणि ‘साठ’चं काय करायचं म्हणून थांबतो. दुसरीच्या पुस्तकाला हे ठरवण्याची गरज नव्हती. बँकेला, दस्त नोंदणाऱ्याला आणि भाषा संचालनालयाला मात्र आधी तेच ठरवावं लागेल.